जित्याची खोड

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर पुढे स्क्रोल करा, मला कुणाच्या कमेंटची भूक नाही.

रविवार होता, भर दुपार. रात्र असती तर मीच मनाचे खेळ म्हणून सोडून दिलं असतं.

मी बँकेच्या फसवणूक पकडणाऱ्या विभागात आहे. आमची सिस्टीम ग्राहकाला बोटांवरून ओळखते. कोण किती जोरात दाबतं, कुठे थांबतं, कुठे चुकतं. पिन चोरता येतो, सवय चोरता येत नाही.

स्क्रीनवर लाल पट्टी आली...

'हा खातेदाराचा हात नाही.'

खातं माझ्या ताईचं होतं.

दाजी वारल्यावर तिने उघडलेलं, आयुष्यातलं पहिलं स्वतःचं खातं. दाजी होते तोवर तिला साध्या रिक्षाभाड्याचाही जाब द्यावा लागायचा. वर, "तुला काय कळतं त्यातलं?" हे ठरलेलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार.

मी भाचीच्या फोनवर ताईला गाठलं.

"ताई, तुझा मोबाईल कुठे आहे?"

"हा काय, समोर टेबलावर. चार्जिंगला लावलाय. का रे?"

"कुणी हात लावलाय का?"

"घरात आम्ही दोघीच तर आहोत."

पण त्याच मोबाईलवर कुणीतरी पिन टाकत होतं. माझ्या स्क्रीनवर टिंबं उमटत होती.

तीन पडली... चौथं पडलं... खोडलं गेलं... पुन्हा पडलं.

हा क्रम मी आधी पाहिला होता.

कारखान्यातल्या प्रेसमध्ये दाजींचा अंगठा चेंगरला होता. तेव्हापासून शेवटचा आकडा ते आधी चुकीचा दाबायचे, खोडायचे, मग बरोबर दाबायचे. दर वेळी. आम्ही मागून हसायचो, जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही.

सिस्टीमने जुळणारा हात शोधून दिला...

दाजींचं बंद केलेलं खातं.

मी ताईचं खातं तिथल्या तिथे गोठवलं. साहेबांना सगळं दाखवलं. "टचस्क्रीन बिघडली असेल," म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी.

ताईला माझ्याकडे आणलं. नवा मोबाईल घेतला, नवा पिन दिला. काल खातं सुरू करायला तिला शेजारी बसवलं.

"टाक पिन."

ताईने टाकला. मी तिच्या अंगठ्याकडे बघत होतो.

तीन टिंबं... चौथं... खोडलं... पुन्हा चौथं.

माझ्या लॅपटॉपवर लाल पट्टी.

"चुकलीस का गं?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"कुठे? एकदाच तर दाबलं."

"अगं, तू खोडलंस. मी पाहिलं."

ताईने मान वर केली. माझ्याशी ती कधी चढ्या आवाजात बोललेली नाही.

"तुला काय कळतं त्यातलं?"

ताई आत्ता शेजारच्या खोलीत आहे. खातं अजून गोठवलेलंच आहे. ते सुरू केलं तर नक्की कुणाच्या हातात जाईल, हे मला सांगता येत नाही.