कुवेत, चार तास

वर्गातला जगाचा नकाशा खिळ्यासकट माझ्या डोक्यावर पडला नसता, तर नामा कोण हे मला कधी कळलंही नसतं. तो आला होता शाळेचा पंप दुरुस्त करायला. कळंबचा, खोपोलीच्या कारखान्यातला फिटर. आवाज ऐकून आत आला, हसू दाबत खिळा ठोकला, नकाशा टांगला... आणि तिथेच रेंगाळला.

"बाई, मुंबईपास्नं कुवेत किती लांब हो? विमानानं?"

तिकडून नोकरीचं पत्र आलं होतं. सोमवारी होय की नाही ते कळवायचं होतं. त्याच्या आईला, सोनुबाईंना, मात्र वेगळीच काळजी. प्रवासाला तासाला एक तांदळाची भाकरी, हा त्यांचा नेम. पोरगा गेलाच, तर किती बांधायच्या?

मी पदराचा सुटा दोरा तोडला, मुंबईपासून कुवेतपर्यंत ताणला, नकाशाच्या खालच्या पट्टीवर ठेवला आणि भूगोलाच्या बाईच्या थाटात सांगितलं, सतराशे किलोमीटर. अडीच तास.

"म्हंजी तीन भाकऱ्या," तो म्हणाला आणि गेला.

शनिवारी शाळा सुटताना पुन्हा दारात हजर. पंप तर ठणठणीत चालत होता. बाहेर भाताची कापणी सुरू होती, त्याच्या केसांत पेंढ्याची काडी अडकली होती. ती काढावी असं मला वाटलं, आणि मी हात मागे बांधले.

"रागवू नका, बाई... त्या पट्टीवर मैल लिवल्यात."

खरंच की. नकाशा जुना, मैलांचा. याच चुकीसाठी मी मुलांना ओणवं उभं करते. माझे कान तापले. त्याने शर्टाच्या खिशातून दोरा काढला – माझाच. एक टोक मुंबईवर मी धरलं, दुसरं कुवेतवर त्याने. साडेसत्तावीसशे किलोमीटर. चार तास.

"चार तास... लई हाय का हो?"

तो नकाशाकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. तो काय विचारतोय ते मला कळलं होतं, अगदी नीट कळलं होतं. 'हो, फार आहे, जाऊ नका' एवढंच म्हणायचं होतं. पण व्हरांड्यात हेडमास्तरांच्या वहाणा वाजत होत्या. शिवाय चूक पकडली गेली की मी जास्तच ताठते, हा माझा जुना दोष.

"छे, फार कुठलं? एसटी चुकली तर कळंबहून इथे यायला तेवढेच लागतात."

तो हसला. दोरा बोटाला गुंडाळून त्याने खिशात ठेवला.

"खरं हाय," म्हणाला.

त्याची बहीण गोदा माझ्याच वर्गात होती. महिन्याने मधल्या सुट्टीत ती सहज बोलून गेली, दादाचं जायचं काही नक्की नव्हतं. मन होत नव्हतं त्याचं. त्या शनिवारी घरी आला आणि म्हणाला, "बाई म्हनल्या, लांब नाय." मग आईने चार भाकऱ्या बांधल्या.

मी त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

पंधरा वर्षं झाली. तो तिकडेच रुळला. बायको-मुलांना घेऊन दोन वर्षांतून एकदा कळंबला येतो. शाळेकडे कधी आला नाही. वर्गात आता किलोमीटरचा नवा नकाशा आहे. मुलं अंतरं विचारतात, मी चोख सांगते. पण एखादा विचारतो, "बाई, लई लांब हाय का?" तेव्हा मी हातातली पट्टी टेबलावर ठेवते.

"हो," म्हणते, "फार लांब आहे रे."