काकूंच्या नावाची गांधीलमाशी

"बाबांची माशी चोरीला गेली," सरांचा मुलगा दारातूनच म्हणाला. "चोर कोण तेही मला ठाऊक आहे, अक्का. फक्त पुरावा हवाय."

अक्का खासगी तपासाची कामं घेत असे. तिने त्याला खुर्ची दिली. तिचा धाकटा भाऊ बापू वही काढून बसला.

कॉलेजात अक्काला कीटकशास्त्र शिकवणाऱ्या सरांना जाऊन आठ महिने झाले होते. त्यांच्या कीटकांच्या पेट्या सोमवारी संग्रहालयात जायच्या होत्या. त्यांतला मोलाचा नमुना म्हणजे मुंगीएवढी काळी गांधीलमाशी. भुंगेऱ्याच्या केसाळ अळीला नांगी मारून ती लुळी करते आणि तिच्याच अंगावर अंडी घालते. ती सरांनी शोधली होती आणि तिला काकूंचं, म्हणजे आपल्या बायकोचं, नाव दिलं होतं. आता टाचणी नि चिठ्ठीसकट ती गायब होती.

"किल्ली दोघांकडेच. आई आणि मामा."

मामा म्हणजे सरांचे प्रयोगशाळेतले मदतनीस. एकतीस वर्षं सरांची सावली.

अक्काला सर आठवले. कॉलेजात असताना सरांनी तिला लाकडाच्या ओंडक्याला कान लावायला सांगितलं होतं. "ऐक, आत अळी जेवतेय." ती बारीक कुरकुर तिला अजून ऐकू येत होती.

सरांच्या खोलीत सगळ्या पेट्यांवर धूळ होती. फक्त त्या माशीच्या पेटीची काच लख्ख होती.

"शेजारच्या माशीचा पंख तुटलाय," बापू म्हणाला. "चोर घाईत होता."

अक्काने पेटीचा कोपरा पाहिला. तिथे चिमूटभर तपकिरी भुकटी होती, तिच्यात एक केसाळ सालपट.

मामा पुढे झाले. "चोरायचीच असती तर एकतीस वर्षं थांबलो असतो का? सर गेल्यापासून किल्ली खुंटीवरून काढलेली नाही."

महिन्यापूर्वी एक तरुण संशोधक माशी बघून गेला होता. तो म्हणाला, "तेव्हा होती की! गंमत म्हणजे सरांच्या पेट्या उघडल्या की मला शिंका यायच्या. त्या दिवशी एकही नाही."

बापू गारठलेला पाहून काकूंनी कपाटातला सरांचा लोकरी कोट त्याच्या खांद्यावर टाकला.

"बाप रे, काय हा डांबरगोळ्यांचा वास!"

"कसर लागते रे. त्यांचा आवडता कोट तो."

अक्काने सगळ्यांना सरांच्या खोलीत बोलावलं.

"चोरी झालेलीच नाही. हे सालपट अळीची टाकलेली कात आहे. तिनेच शेजारचा पंख कुरतडला. जी अळी या माशीचं भक्ष्य, तिनेच माशी खाल्ली. खाली उरली ती ही भुकटी."

"पण पेटीत डांबरगोळ्या असतात ना?" मुलगा म्हणाला.

"असायच्या. पण त्यांच्या वासाने शिंकणाऱ्या संशोधकाला त्या दिवशी शिंक आली नाही, म्हणजे महिन्यापूर्वीच त्या पेटीत नव्हत्या. बापू, कोटाच्या खिशात हात घाल."

बापूच्या तळहातावर चार गोळ्या आल्या.

"अळी टाचणी खात नाही. ती कुणीतरी काढली आणि पेटी पुसली. एकतीस वर्षं पेट्या सांभाळणाऱ्या मामांनी पुसली असती तर कोपऱ्यात भुकटी राहिली नसती, आणि गोळ्याही त्यांनी कधीच काढल्या नसत्या. उरली दुसरी किल्ली."

काकूंनी चष्म्याचं घर उघडलं. आत टाचणी होती, तिला टोचलेली चिठ्ठी होती.

"कोटाला भोक दिसलं आणि जीव कासावीस झाला. हाताशी होत्या त्या गोळ्या घेतल्या. मागच्या आठवड्यात पेटी उघडली तर नुसती टाचणी! त्यांनी माझं नाव दिलेली माशी, आणि मीच घालवली. मग मामांवर आळ आला, तरी माझं तोंड उघडेना. मामा, माझं फार चुकलं."

मुलाने खाली मान घालून मामांची माफी मागितली.

मामांनी हळूच टाचणी हातात घेतली. "असू दे, वहिनी. ही जिथे मिळाली त्या जुन्या गोदामात अजून सापडतील, उन्हाळ्यात शोधू. ही सापडली त्या दिवशी सर म्हणाले होते, एवढीशी आहे, पण घरातली सगळी कीड एकटी आवरते. हिला एकच नाव शोभेल."

आठ महिन्यांत काकू पहिल्यांदाच खळखळून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "आणि मला म्हणाले होते, नांगी आहे म्हणून तुझं नाव दिलं!"