रिकाम्या पेटीवरची शपथ

“देवाला दुसरा कोणी भेटला नाही? तूच बरा सापडलास!” इसाबेलनं हातातलं फडकं वेदीच्या पायरीवर आपटलं. “ज्यानं तुझा सख्खा भाऊ कापला, त्याचा जीव वाचवायला तू जाणार?”

“जातो कुठं म्हणालो?” बस्त्याव नवऱ्याच्या तोऱ्यात खेकसला. “त्यानं सांगितलं, एवढंच बोललो. मीही त्याला तेच विचारलं, दुसरा कोणी नाही का म्हणून.”

“मग?”

“मग काय! परत तेच. ऊठ, त्याला सांग.”

बाहेर तिवरकोटावर तांबडं फुटत होतं. खाडीवरचं धुकं विरत होतं, पल्याड मराठ्यांच्या राहुट्या एकेक करून उघड्या पडत होत्या, आणि एकवीस दिवसांच्या वेढ्यानं गांजलेला, कण्या नि चिंबोऱ्यांवर तगलेला तो फिरंग्यांचा कोट, आज बोलणी होणार, आज तोफा गप्प राहणार, या एका आशेवर श्वास धरून बसला होता.

आदल्या दिवशी कोटाच्या कप्तानानं, शत्रूच्या वकिलादेखत, याच इगर्जेत, किरिस्तावांच्या देवळात, वेदीवरच्या चांदीच्या पेटीवर हात ठेवून शपथ वाहिली होती : सरदार सुभानजी घाग यांनी दोन असामींनिशी खुशाल बोलण्यास यावं, त्यांच्या केसालाही धक्का लागणार नाही. पेटीत एका संताच्या बोटाचं हाड होतं. त्यावरची शपथ मोडणारा थेट नरकात जातो, हे पल्याडच्या मराठ्यांनाही ऐकून ठाऊक होतं.

बस्त्याव जातीचा कोळी. इगर्ज झाडायची, घंटा वाजवायची, वेळेला कोटाची होडी हाकायची, ही त्याची चाकरी. बारा वर्षं ती पेटी तोच पुसत होता. उचलली की आत हाड खुळखुळायचं, वाळक्या शेंगेतल्या बीसारखं. आज पहाटे उचलली, तर आवाजच नाही. हाड सापडलं वेदीखाली, कप्तानाच्या नक्षीच्या रुमालात गुंडाळलेलं. रिकाम्या पेटीवरची शपथ मोडली तर पाप कसलं, असा पेच त्या लबाडानं काढला होता. पाणदरवाज्याआड वीस बंदूकवाले कशाला दडवलेत, हेही मग बस्त्यावला कळलं.

पहिल्यांदा तर तो खूशच झाला. मरू दे! सुभानजीच्या स्वारांनी त्याचा पाडा जाळला होता. जाळी वाचवायला धावलेला धाकटा कायतान खुद्द सुभानजीच्या तलवारीखाली गेला होता. ती खुशी अजून तोंडात घोळत होती, तोच मागून कोणी नाव घेऊन बोलवावं इतकी साफ ती हाक आली. तो वळला. कोणी नव्हतं. त्यानं शिव्या घातल्या, पाय आपटले. हाक काही हटेना.

“होडी वळली की कप्तान मला तटावर टांगेल,” इसाबेल म्हणाली. “कळतंय का?”

बस्त्यावनं मुंडासं बांधलं. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग हाडाकडं. मग रुमालासकट हाड त्याच्या मुंडाशात खोचून दिलं.

“पुराव्याला राहू दे. कोरड्या शब्दावर तो सुभानजी बापालाही मानायचा नाही. जा, मेल्या. मी बसते इथं. वेदीखाली कोणाला हात घालू देत नाही.”

भरतीला, सरदाराला आणायला, बस्त्यावची होडी पैलतीरी लागली. सुभानजी दोन असामींनिशी चढला.

“काय रे किरिस्तावा, वल्ही जड लागतात तुला? कप्तानानं उपाशी ठेवलं वाटतं?”

बस्त्यावनं होडी लोटली. खाडीच्या मध्याला कोळ्यांच्या जाळ्यांचे खुंट होते. तिथं त्यानं होडी थोपवली.

“सरदार, इथून पुढं बंदुकीचा पल्ला. माघारी फिरा. कालची शपथ रिकाम्या पेटीवरची.”

एका असामीची तलवार त्याच्या गळ्याशी आली. बस्त्यावनं मुंडाशातला रुमाल काढून उलगडला.

सुभानजी हसला. “हे कोंबडीचंही असेल.”

“असेल. मग चला पुढं. मलाही तुमचा मुडदा बघायची घाई आहे.”

हसू विरलं. “कोणाचा तू?”

“कायतान कोळ्याचा भाऊ. जळक्या पाड्यातला.”

फितवणारा माणूस गोड बोलतो, हे सुभानजीला उमर घालवून कळलेलं होतं. “फिरव,” तो हलकेच म्हणाला.

होडीचं तोंड वळलं मात्र, पाणदरवाजा धडाडला. तलवारवाला असामी आवाजही न करता पाण्यात गेला. बस्त्याव वल्ही मारत राहिला.

काठाला लागल्यावर सुभानजी बस्त्यावकडं वळला. “तुझा भाऊ मारला मी. मग का?”

“तुमच्यासाठी नाही. तुमचं तोंडही मला बघवत नाही. ज्यानं सांगितलं त्याच्यासाठी.”

“इथंच राहा. जमीन देतो.”

“जमीन नको. तीन दिवस तोफ डागू नका. आत माझी माणसं आहेत.”

सुभानजीनं बेलभंडार मागवला, तळहातावर घेतला, वचन दिलं.

“भंडार खराच ना?” बस्त्यावनं वाकून हळदीचा वास घेतला. “आजकाल बघून घ्यावं लागतं.”

“आता परत गेलास तर जिवंत सुटशील?”

“हाड जागेवर ठेवायचंय. सगळ्या किरिस्तावांसमोर पेटी खुळखुळवून दाखवणार, हा रुमालही दाखवणार. पुढचं कप्तानाला त्यांनाच विचारू दे.” त्यानं मुंडासं आवळलं. “इसाबेल तिथं एकटी बसलीय. ओहोटी लागली, तिवरांतली चिखलवाट आता उघडी पडेल. मला निघायला हवं.”