चौथा पंप

पाणीपुरवठ्याच्या कचेरीने तिला दिलेलं काम तसं साधं होतं. पंप किती वेळा बंद पडतात, दुरुस्तीला किती वेळ लागतो, हे भरलं की वर्षातून किती तास शहर कोरडं राहील ते सांगणारं सॉफ्टवेअर बनवायचं. पंप तीन, साठवणीची टाकी एकही नाही, नोंदवह्या वीस वर्षांच्या.

पंपघराच्या मिस्त्रीच्या डोळ्यांत ती पहिल्या दिवसापासून सलत होती. "कधी बिघडणार ते तुमचा कॉम्प्युटर सांगणार, मग आम्ही काय माशा मारायच्या?" बाकीचे हसले. बसायला खुर्चीसुद्धा कुणी पुढे केली नाही.

पण गणित जुळेना. सॉफ्टवेअरच्या मते वर्षाला चाळीस तास पाणी जायला हवं होतं. वीस वर्षांत ते एक मिनिटही गेलं नव्हतं. एकदा तर तिन्ही पंप सहा तास बंद होते, तरी नळ वाहतच होते. तिने सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. शेवटी वैतागून, कधीच बंद न पडणारा एक खोटा चौथा पंप भरून पाहिला.

आकडे तंतोतंत जुळले.

मिस्त्रीने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "ती ओळ पुसा."

"मग पाणी येतं कुठून?"

"येतंय ना? मग नसत्या चौकशा कशाला?"

ती हट्टाला पेटली. कचेरीतल्या साहेबांकडून दहा मिनिटं पंप बंद ठेवायची परवानगी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिन्ही पंप बंद केले.

घरघर थांबली. दाबाच्या काट्याने जागा सोडली नाही. चपलेखालची फरशी मात्र बारीक थरथरत होती.

"खाली काय आहे?"

तिने लॅपटॉप उघडला आणि चौथ्या पंपापुढे लिहिलं: चालू.

"आजवर त्याला कुणी मोजलं नव्हतं, बाई," मिस्त्री दात खाऊन म्हणाला.

थरथर थांबली.

सवयीने तिने वेळ टिपली. अकरा वाजून सात मिनिटं. मान वर केली तेव्हा माणसं एकेक करून बाहेर पडत होती. "आता त्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागेल," म्हणत मिस्त्री शेवटी गेला. बाहेरून कडी लागली.

ती दार बडवत असतानाच फोन वाजला. घरून ताई बोलत होती.

"अगं, मध्येच गेलेलं पाणी आलं परत. पण कोमट येतंय."

तिन्ही पंप बंदच होते.

"किती कोमट?"

"अंगाइतकं," ताई म्हणाली.