मागच्या सीटवरची गोणी

"थांबा! गाडी चालू करू नका!"

बेकरीच्या रांगेतून मी ओरडले, तशी सगळी रांग वळली. बाहेर मोटरसायकलवर बसलेला तो मात्र बटणावर अंगठा ठेवून तसाच थिजला.

"माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही, गाडीचं. पुढच्या शॉक-अॅब्सॉर्बरचं ऑइल सील गेलंय. तेल थेट ब्रेकवर गळतंय. उतारावर ब्रेक दाबाल आणि... सरळ नाल्यात."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमचा धंदाच आहे तो. बाबा आणि मी शॉक दुरुस्त करतो."

तो हसला. खळीबिळी काही नाही, साधंच हसू. पण पाव घ्यायचे विसरून मी त्याची गाडी गॅरेजपर्यंत ढकलत नेली, हे खरं.

तो गुरांचा डॉक्टर होता. दिवसभर कच्च्या रस्त्यांवर फिरायचा, त्यामुळे गाडीचे हाल. मी शॉकच्या दोन्ही नळ्यांत नवं तेल मोजून भरत होते आणि तो उपड्या खोक्यावर बसून बघत होता.

"एवढं काय मोजताय?"

"एकीकडे कमी, एकीकडे जास्त झालं तर गाडी बिघडते."

"माझे पेशंट बरे. लाथ मारून सांगतात."

महिन्याभरात तो तीनदा आला. एकदा मागची स्प्रिंग त्याच्या वजनाला बसवायची होती. तो सीटवर बसला, मी टेप घेऊन चाकाशी वाकले.

"श्वास सोडा. रोखून धरल्यानं वजन घटत नाही."

"वजनासाठी नाही रोखला..." तो हळूच म्हणाला. माझ्या हातातली टेप सटकन गुंडाळली गेली. माप पुन्हा घ्यावं लागलं.

चौथ्या वेळी आला तो इस्त्रीच्या शर्टात.

"मागची स्प्रिंग दोघांसाठी लावून द्या."

मी टेप उचलली. "मागे बसणाऱ्याचं वजन?"

"साधारण... तुमच्याएवढं."

"आम्ही अंदाजानं लावत नाही. दोघांनाही बसवून मोजतो. घेऊन या त्यांना."

"तुम्हीच बसून बघा ना..."

दुसरीच्या मापाला मी बसू? राग तर माझ्या नाकावरच असतो. कोपऱ्यातली वाळूची गोणी उचलली आणि मागच्या सीटवर आदळली.

"ही बसेल. कुरकुरही करणार नाही!"

तो हसायला गेला, पण जमलं नाही. बाबा मुद्दाम खोकले. मी वर बघितलंच नाही, मुकाट्यानं स्प्रिंग घट्ट केली.

त्यानंतर तो आला सात महिन्यांनी.

"मागून फार दणके बसतात."

बसणारच. स्प्रिंग दोघांची आणि माणूस एकटा. मी मागचे फूटरेस्ट उघडायला गेले तर सांध्यात चिखल वाळून ते गच्च बसलेले. हातोडीनं ठोकावे लागले. रबर कोरं करकरीत.

"मागे कोणी बसलंच नाही?"

"जिच्यासाठी लावून घेतली, तिनं गोणी बसवली."

माझ्या हातातला पाना हातातच राहिला.

"मग सरळ सांगायचं ना!"

"सांगायलाच आलो होतो. गोणी बघितली... वाटलं, मिळालं उत्तर."

"मला वाटलं, दुसरी कोणी आहे."

"नव्हती." त्यानं ठोकून उघडलेला फूटरेस्ट पायानं मिटला. "आता आहे. पुढच्या महिन्यात लग्न. बदलीही झालीय... उद्या निघतो."

"चांगल्या आहेत?"

"खूप."

मी पुन्हा स्प्रिंगशी वाकले. डोळ्यांत पाणी येत होतं आणि हात ग्रीसनं माखलेले, पुसायचीही सोय नाही. एक प्रश्न विचारायला काय जात होतं माझं? सगळ्या गावाशी भांडणारी ही जीभ तेवढ्या एका दिवशी कुठे गेली होती?

"मला तुम्ही आवडता, डॉक्टर," मी म्हटलं. "थांबा म्हणून नाही सांगत. तेव्हा विचारायचं राहिलं... निदान सांगायचं तरी राहू नये."

स्प्रिंग एकट्यापुरती सैल करून मी उठले. त्यानं निरोपाला हात पुढे केला.

"नको, ग्रीस आहे," मी हात मागे घेतला.

त्यानं तो धरलाच. जरा जास्तच वेळ धरला. मग तळहातावर काळे डाग घेऊन गाडीवर बसला आणि मागे न बघता गेला.

"हात धू आणि जेवायला चल," बाबा म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं. "मी धुते थोड्या वेळानं."