टेपचं दुसरं टोक

हसा, हसा. कामगार खात्यात काल-परवा चिकटलेली पोरं तुम्ही, तुम्हाला सगळी गंमतच वाटणार. या खात्याची गाडी मी एकवीस वर्षं चालवली. हे घडलं ते आपल्या निरीक्षक स्तामेनच्या बाबतीत. तापाने पडलो होतो म्हणून त्या दिवशी तो एकटाच गेला. तो दिवा जरा बारीक करा, डोळ्यात येतोय.

चौदा नोव्हेंबर, गुरुवार. डोंगरातल्या स्मोल्यान शहराच्या वरच्या अंगाला एका लाकूड-गिरणीत युर्दान पेशेव नावाचा माणूस करवतीत सापडून मेला, त्याला त्या दिवशी चाळीस दिवस झाले होते. मालक म्हणे, हा आमचा कामगारच नव्हे, लाकूड चोरायला शिरला होता. अकरा वर्षं राबवून घेतलं, पण कागदावर नाव चढवलं नव्हतं ना! साक्षीदार नऊ. नऊच्या नऊ एकच सांगत होते, "मी तेव्हा कॉफी प्यायला गेलो होतो." स्तामेन चिडायचा, "अरे, कॉफीचं यंत्र एक, एका वेळी पेला निघतो एक. हे काय एकमेकांच्या पेल्यात तोंड घालून पीत होते?"

फाईल तीनदा परत आली. तिसऱ्यांदा का, तर करवतीपासून ती बंद करायच्या लाल बटणापर्यंतचं अंतर लिहिलेलं नाही. माणूस गेला त्याचं काही नाही, रकाना रिकामा चालत नाही! शुक्रवारी सकाळी नऊला समिती बसायची होती. फाईल अपुरी राहिली तर युर्दान कायमचा चोर ठरणार. म्हणून स्तामेन मोजायचा टेप घेऊन निघाला.

गावात युर्दानची बायको रुझा भेटली. चाळिसाव्याचा उकडलेला गहू वाटत फिरत होती. एक मूठ तिने स्तामेनच्या ओंजळीत घातली.

"खा साहेब. त्याच्या नावाने."

"वहिनी, मी खटपट करतोय हो."

"पेन्शन नाही मिळाली तरी चालेल एक वेळ," ती म्हणाली. "पण शाळेत माझ्या पोरीला चोराची म्हणतात."

स्तामेन तो गहू मुठीत घेऊनच गाडीत बसला.

गिरणीवर पोचला तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते. चिटपाखरू नव्हतं. राखणदार वल्चोकाकांनी कुलूप काढलं आणि ते दारातच थांबले.

"मी नाही बाबा आत येणार. आज चाळिसावा आहे त्याचा. आजपर्यंत जीव इथेच घुटमळतो म्हणतात."

"काका, नुसतं टेपचं टोक धरायचंय! दोन मिनिटं!"

"तुझं तूच धर."

"तुम्हीपण कॉफीच पीत होतात ना त्या दिवशी?"

काका खाली मान घालून फाटकाकडे निघून गेले.

आत एकच दिवा होता. स्तामेनने टेपचा आकडा करवतीच्या टेबलाला अडकवला आणि भिंतीवरच्या बटणाकडे चालू लागला. आकडा निसटला. पुन्हा लावला. पुन्हा निसटला. त्याने मालकाला, साहेबाला, समितीला, सगळ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या आणि तिसऱ्यांदा लावला. या वेळी टेप ताठ झाला.

"आलात ना शेवटी? घट्ट धरा, काका."



चार मीटर वीस. कुणाचा हात पोचणार तिथे!

"जरा वर घ्या..."

टोक वर गेलं.

तेवढ्यात खिडकीबाहेर काडी पेटली. लांब, फाटकाशी. वल्चोकाका सिगारेट शिलगावत होते.

स्तामेन जागचा हलला नाही.

टेप अजून ताठच...

"कोण...?"



"युर्दान...?"

मग टोक सुटलं. झटक्याने नाही. हळूहळू. समोरच्याचं बोट कापू नये म्हणून कसलेला कामगार सोडतो, तसं...

गाडीत बसून त्याने तेवढा अंतराचा आकडा लिहिला, फाईल मिटली आणि थेट घर गाठलं.

सकाळी समितीच्या साहेबांनी पानं उलटली. "भरलंत एकदाचं! कुठे रिकामं नाही ना?" आणि नेहमीसारखं न वाचताच 'कामावरील अपघात' म्हणून शिक्का हाणला. मग स्तामेनची नजर पानावर गेली. त्या आकड्याखाली एक रकाना असतो, टेपचं दुसरं टोक कुणी धरलं, त्याचं नाव आणि हुद्दा. घाबरलेल्या स्तामेनने तो कोराच सोडला होता. तिथे ओंडक्यांवर खुणा करायच्या जाड लाल पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'युर्दान पेशेव, करवत चालवणारा.'

साहेबांनीही ते वाचलं आणि ओरडून खोली डोक्यावर घेतली, पण शिक्का बसला तो बसला.

दुपारी रुझा आली. तिने नावावर बोट ठेवलं. "अक्षर त्याचंच आहे. याची नक्कल द्याल का? शाळेत दाखवते."

तोवर मीही कामावर आलो होतो. यंत्रावर नक्कल काढली ती मीच. एकदा, दोनदा, चारदा काढली. आकडा उमटला, शिक्का उमटला, स्तामेनची सही उमटली. तेवढा रकाना दर वेळी कोरा...

मग काय करणार? मूळ पानच फाडून दिलं तिला. खात्यात ती फाईल आजही अपुरी आहे.