न बोलणारा बोलपट

मध्यंतराच्या आधीच थेटरात गोंधळ सुरू झाला. कुणीतरी ओरडलं, "अरे, बोलपट म्हणून तिकीट घेतलं, अन ही बाई तं बोलतच नाई." सगळं थेटर हसलं. मी हसले नाही. मला त्या हसणाऱ्यांचा असा राग आला, की बायकांच्या बाजूचा पडदा नसता तर उठून भांडलेच असते.

तेव्हा अमरावतीला बोलपट येऊन चार-पाच वर्षंच झाली होती. लोकांना गाणी हवी असत, तलवारी हव्या असत. आणि इथं काय, तर एक नदी, धुकं, नावेत बसलेली ती आणि काठावर तो. ती रोज त्याच्या उंबरठ्यावर एक फूल ठेवून जायची. तो ते उचलायचा आणि नदीकडं बघत बसायचा. मध्येच ती पाण्यावरून चालत यायची, मध्येच तिचं घरच जागेवर नसायचं. खरं कुठलं आणि स्वप्न कुठलं, कळायला मार्ग नाही. पण शेवटी तो एक शब्द न विचारता तिच्या नावेत जाऊन बसला ना... तेव्हा माझ्या डोळ्यांना धार लागली. शेजारी सत्यभामाकाकू खुशाल घोरत होती.

काकूची चप्पल सापडेना, म्हणून आम्ही सगळ्यांच्या मागून निघालो. दारात तीन-चार पोरं उभी होती आणि त्यांतला एक उंच, सावळा, टोपी हातात घेतलेला तावातावानं बोलत होता.

"त्या माणसाले तोंड नव्हतं काय? सरळ जाऊन म्हणाचं, बाई, मले तू आवडते. दोन मिनिटाचं काम. त्याले तीन घंटे लावले."

मी गप्प बसायला हवं होतं. परक्या माणसाशी, तेही थेटराच्या दारात... पण जीभ ऐकेल तर ना.

"सगळंच काई तोंडानं सांगावं लागत नाई," मी म्हणाले.

तो वळला. आधी चकित झाला, मग डोळ्यांतल्या डोळ्यांत हसला. "मंग कायनं सांगतेत?"

"ज्याले समजते त्याले फुलानंही समजते."

"फुलानं? माझा फुलाचाच धंदा हाये बाई. लाखानं फुलं गेली हातातून. एकानं बी मले आजवर काई सांगितलं नाई."

"त्यात फुलाची चूक नसंन."

त्याचे मित्र फिस्सकन हसले. काकूनं माझं मनगट धरून मला असं ओढलं, की बांगडी पिचली. तरी मी कोपऱ्यावर मागं वळून पाहिलं. तोही बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मळ्यात शेवंती खुडून ओटी भरून मी विहिरीवर आले, तर तिथं बाबांसोबत बसून चहा पिणारा... तोच.

"शकुन, हा देवीदास," बाबा म्हणाले. "अकोल्याले दुकान हाये याचं. आता आपला माल रोज सकाळच्या गाडीनं याच्याकडं जाईन. बुधवारी हा खुद येत जाईन."

देवीदासला चहाचा ठसका लागला. बाबा टोपल्या आणायला वळले तसा तो हळूच म्हणाला, "तुमच्या मळ्यातले फुलं बोलतेत का?"

"गिऱ्हाईक पाहून," मी म्हणाले आणि तिथून निघाले. पाय जमिनीला लागत नव्हते, खोटं कशाला सांगू.

त्या सिनेमावरून गावात दोन पार्ट्या पडल्या. कॉलेजातली पोरं म्हणायची, असं काही आजवर झालंच नाही. भाजीबाजारातले म्हणायचे, पैसे बुडाले. आमच्या मळ्यात तर रोज कज्जा. माय म्हणे, ती बाई भूतच होती, जिवंत माणूस असं करत नाही. खुडायला येणारी गंगूबाई म्हणे, त्यालाच स्वप्न पडलं होतं. बाबा अर्ध्यातूनच उठून आलेले. "झोप तं घरी फुकट भेटते," ते म्हणायचे. आणि बुधवारी देवीदास आला, की या आगीत तेल.

"दोन मिनिटाचं काम होतं, केशवराव," तो बाबांना मुद्दाम मोठ्यानं सांगायचा, म्हणजे वाफ्यात बसलेल्या मला ऐकू जावं. एकदा टोपलीला दोर बांधता बांधता मला म्हणाला, "तो नावेत बसला ते ठीक हाये. पण वल्हं कोणं मारावं, हे तं ठरलंच नाई."

"दोघांनी."

"तुमाले येते वल्हवता?"

"शिकीन."

दोराची गाठ त्यानं तीनदा सोडली आणि तीनदा बांधली.

तुळशीचं लग्न झालं आणि धामणगावचं स्थळ आलं. खुशालरावांचा पोरगा. घरचे मळे, घरची बैलगाडी, माणसं चांगली. येऊन पाहून गेले, पसंती कळवली, येत्या रविवारी कुंकू लावायला येणार म्हणाले. मला कुणी काही विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती.

मला मग काही सुचेना. पाणी एका वाफ्यात सोडायचं तर दुसऱ्यात सोडलं. माय म्हणाली, "पोट्टीचं ध्यान कुठी हाये?" ध्यान अकोल्याला होतं. पण अकोल्याचं ध्यान कुठं होतं, हे कुणाला ठाऊक? तो नुसता भांडायला येत असेल तर? मी विचार केला, त्या सिनेमातल्या बाईला जमतं, तर मला का नाही.

विहिरीच्या काठाशी माझं एक शेवंतीचं झाड होतं. अचलपूरहून मामाकडून आणलेलं, जांभळ्या फुलाचं. तसं दुसरं झाड साऱ्या मळ्यात नव्हतं आणि त्याला कुणी हात लावलेला मला खपत नसे. सोमवारी पहाटे त्याचं सगळ्यात मोठं फूल मी तोडलं, केळीच्या पानात घातलं आणि अकोल्याच्या टोपलीत अगदी वर ठेवलं. गाडी गेली. सोमवार गेला. मंगळवारी भाकरी दोनदा करपली.

बुधवारी तो आला. माझ्याकडं पाहिलं, हसला, आणि विहिरीजवळ बसून बाबांना म्हणाला, "केशवराव, त्या जांभळ्या शेवंतीची वानगी पावली. माल झकास हाये. गिऱ्हाईक विचारून राहिले. एक टोपली रोज पाठवा."

मी विहिरीत उडी मारायचीच बाकी होती. अहो, आमच्या धंद्यात टोपलीच्या तोंडावर नव्या जातीचं एकच फूल ठेवलं, की ती वानगी. मालाचा नमुना. दुसरा अर्थच नाही. माळ्याची लेक मी, हे मला दूध पीत होते तेव्हापासून ठाऊक. आणि अख्ख्या जगातून मी नेमकं तेच करून बसले.

"कोणती जांभळी?" बाबांनी विचारलं. मग त्यांची नजर विहिरीच्या काठाशी गेली. तिथून माझ्याकडं आली.

मी गप्प राहिले असते तर बाबाही गप्प राहिले असते. त्यांनी हसून विषय बदलला असता आणि रविवारी माझ्या कपाळावर धामणगावचं कुंकू लागलं असतं. सिनेमातली बाई अशा वेळी नदीकडं बघायची. माझ्यासमोर नदी नव्हती, धुकं नव्हतं. एक फुलवाला होता, टोपलीभर माल मागणारा.

"ती वानगी नव्हती, बाबा," मी म्हणाले. "यांच्यासाठी पाठवली होती."

"काहून?"

"मले धामणगावले जाचं नाई. मले... अकोल्याले जाचं हाये."

मायच्या हातातलं सूप थांबलं. देवीदास कपातला चहा बशीत ओतत होता, तो बशीबाहेर सांडला. बाबा त्याच्याकडं वळले.

"अन तू? दोन मिनिटाचं काम होतं ना रे? आता काहून वाचा बसली?"

देवीदासनं कपबशी खाली ठेवली. खालीच बघत म्हणाला, "अकोल्याले लागला तो सिनेमा. मी अजून दोन डाव जाऊन बसलो. दुसऱ्या डावाले थेटर सारं खाली होतं."

"कायले गेला?" मी विचारलं.

"तुमाले त्यात काय दिसलं, ते पाहाले." त्यानं मान वर केली. "मले काईच दिसलं नाई. नदी दिसली. पण घरी आलो तं जेवण जाईना. बुधवार कवा येते, असं होऊन राहिलं. शकुन, मले तू आवडते. पण फुलातलं मले काई समजत नाई... मले तोंडानं सांगत जा. मी आयकत जाईन."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

बाबा उठले. टोपलीचा दोर आवळला, उगाच पुन्हा तपासला. मायकडं पाहिलं. माय परत सुपातले दाणे पाखडायला लागली. बाबांना तेवढं पुरलं असावं.

"मी खुशालरावाले अजून जबान देल्ली नाई," ते म्हणाले. "कुंकू लागत नाई तोवर पोरगी घरची. तुझ्या बापाले घेऊन ये देवीदास. शनिवारी. रविवारी उशीर होईन."

"उद्याच आणतो," देवीदास म्हणाला.